जर्मनीचं घोंगडं, परभणीचं ऊन

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आमच्या जिल्ह्यात पोरंसोरं छाती फुगवून म्हणतात. जर्मनीचा आणि आमचा संबंध काय, हे मला घरी पॉमेरियन आल्यावर कळलं. पोमेरेनिया म्हणजे बाल्टिक समुद्राकाठचा मुलूख. आज थोडा जर्मनीत, बराचसा पोलंडात. तिथल्या थंडीला पुरेल असा दुहेरी केसांचा कोट अंगावर घेऊन ही बया सोनपेठच्या मे महिन्यात उतरली. लेकीनं नाव ठेवलं बर्फी. आईनं पहिल्याच दिवशी निकाल दिला, “घोंगडं पांघरून आलंय रे लेकरू!”

घोंगडं उतरवावं म्हणून मी कटिंगच्या दुकानातून मशीन मागून आणली. मशीन लावणार तोच लाइट गेली. दुसऱ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर भेटले. म्हणाले, “भादरू नका. तेच केस उन्हापासून राखतात. नुसते विंचरा, गुंता काढा. कुत्र्याला आपल्यासारखा घाम नसतो. पंजाच्या तळव्यांना येतो थोडासा. बाकी सगळा कारभार जिभेवर.” जिभेवर कारभार आमच्या घरातही बऱ्याच जणांचा चालतो, पण त्यानं कुणी थंड झाल्याचं पाहिलेलं नाही.

एवढं ऐकूनही एका रविवारी, अकराच्या सुमारास, बर्फीला मिरवत मी मोंढ्याकडं निघालो. डांबरावर ती चारी पाय आळीपाळीनं उचलू लागली. मला वाटलं, ऐटीत चालतेय. रसवंतीवाल्यानं चरक थांबवला, घुंगरं गप्प झाली.

“गुरुजी, चप्पल तुमच्या पायात हाय. तिच्या न्हाई.”

मी वाकून डांबराला हाताची पालथी बाजू लावली आणि तीन मोजायच्या आत उचलली. बर्फी तोवर रसवंतीच्या सावलीत आडवी झालेली. जीभ लालभडक, तोंडातून चिकट लाळ, उठायचं नाव नाही. कुणी म्हणे कांदा हुंगवा, कुणी म्हणे रस पाजा. मी डॉक्टरांना फोन लावला. “तोंडात काही ओतू नका. पोटाला, मांड्यांना, पंजांना साधं गार पाणी लावा, वारा घाला आणि घेऊन या. उशीर नको.” रसवंतीवाल्यानं घागर आणली. मी पेपरनं वारा घालत होतो. त्या पेपरात पारा चढल्याचीच बातमी होती. डॉक्टरांनी तिला तपासलं, मग माझ्याकडं बराच वेळ पाहिलं.

आता आम्ही पहाटे साडेपाचला फिरतो. प्रायश्चित्त म्हणून बर्फीसाठी कूलर घेतला. तिनं त्याच्याकडं ढुंकून पाहिलं नाही. आईच्या रांजणाखालची ओली वाळू पंजांनी उकरून, मागचे पाय बेडकासारखे पसरून, पोट वाळूला टेकवून ती दुपारभर पडून असते. रांजण एका अंगाला कलला आहे. ग्लास पडला तर मला ऐकवणारी आई त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

कूलरसमोर मी झोपतो. लाइट गेली की मीही रांजणाकडं जातो, पण बर्फीनं अजून सरकून जागा दिलेली नाही.