लाल दिवा लागला का?

आमच्या घरात जागा कशालाच पुरत नाही. माळ्यावर गाद्यांना पुरत नाही, फ्रीजमध्ये विरजणाला पुरत नाही, आणि गेल्या दिवाळीपासून एक टीबीच्या हार्ड डिस्कमध्ये नातवाच्या फोटोंना पुरेना. गुन्हेगार अर्थातच मी. 2003 साली हौसेनं मिनीडीव्ही कॅमेरा घेतला आणि मग मुंज म्हणू नका, बारसं म्हणू नका, समोरच्या सोसायटीची बोअरिंग खणणंसुद्धा मी सोडलं नाही. 38 कॅसेटी झाल्या. तासाभराच्या एका कॅसेटीला डिस्कवर 13 जीबी लागतात. म्हणजे अर्धी डिस्क नुसते नातेवाईक अडवून बसले होते.

"बाबा, कॉम्प्रेस करून टाका," मुलगा फोनवर म्हणाला, जसं काही मी रोज सकाळी चहाआधी दोन-चार कॉम्प्रेस करतोच.

तत्त्व मात्र झटकन कळलं. प्रत्येक चित्र अख्खं साठवायचं नाही, आधीच्या चित्रापेक्षा जे बदललं तेवढंच लिहून ठेवायचं. आमची ही किराण्याची यादी अशीच सांगते: "मागच्या महिन्यासारखंच, फक्त साबुदाणा अर्धा किलो वाढवा." म्हणजे स्थिर भिंत जवळपास फुकट, हलणारी माणसं महाग. पण माझा हातच असा थरथरतो, की माझ्या चित्रणात भिंतीही हलतात.

एक फुकटातलं सॉफ्टवेअर उतरवलं. त्यात दर्जाचा आकडा असतो, 0 पासून 51 पर्यंत. आयुष्यभर गणितात काठावर पास झालेल्या माणसाला कमी आकडा म्हणजे कमी दर्जा हे सांगावं लागत नाही, म्हणून जागा वाचवायला मी बेधडक 2 टाकला. तिथे नेमकं उलटं असतं हे रात्रभर पंखा गिरणीसारखा घरघरल्यावर आणि हिनं झोपेत "अहो, दळण झालं का?" असं विचारल्यावर सकाळी कळलं: 13 जीबीची मुंज फुगून 17 जीबीची झाली होती. मग सूड म्हणून 45 टाकला. त्यात भटजी कुठले, बटू कुठला आणि चौरंग कुठला, काही ओळखेना. सगळी मंडळी एकाच थालीपिठात थापलेली.

शेवटी मुलानं 22 टाकायला सांगितलं आणि वर बजावलं, "आधी तीस सेकंदांचा तुकडा करून बघा." बघितला. सुरेख! लगेच 38 च्या 38 रांगेत लावल्या आणि शांत झोपलो. सकाळी पाहतो तो पाचशे जीबींचे जेमतेम तीनशे एमबी. हिला उठवून दाखवलं, मुलाला कळवलं, चहात एक चमचा साखर जास्त घातली, आणि त्या विजयाच्या भरात मूळ फाइली पुसल्या. कचरापेटीसुद्धा रिकामी केली, कारण कामात मला अर्धवटपणा खपत नाही.

तीस सेकंदांची खूण काढायची राहिली होती.

आता आमचा सगळा कौटुंबिक इतिहास एकोणीस मिनिटांत आटोपतो. त्यातही प्रत्येक कॅसेटीचं पहिलं अर्धं मिनिट म्हणजे माझी चप्पल, फरशी, भिंगावर आलेला माझा अंगठा आणि माझाच आवाज: "अगं, लाल दिवा लागला का?" मुंज, बारसं, साठीशांत, सगळीकडे तोच अंगठा. परवा मेव्हण्यांना हे दाखवलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच ते माझं चित्रण न पेंगता शेवटपर्यंत बघत बसले.

कॅसेटी अजून माळ्यावर, हिच्या जुन्या नऊवारीत गुंडाळलेल्या आहेत. कॅमेराही चालतो. पण तो संगणकाला जोडायला फायरवायरची वायर आणि ती खुपसायला भोक असलेला संगणक लागतो, आणि तो जुना डबा मी मागच्याच पाडव्याला भंगारात दिला, जागा होत नव्हती म्हणून. तुमच्या माळ्यावर असला एखादा पडून असेल तर विकू नका. मी येतो. अंगठा खिशात ठेवून येतो.