काचेच्या कॅबिनेटमधल्या आय-सेव्हन साहेबांस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमंत कोअर आय-सेव्हन २६०० साहेब,
मुक्काम काचेची कॅबिनेट, चार रंगीत पंख्यांच्या मागे.

विषय: गादी सोडण्याबाबत नम्र विनंती.

साहेब, सा. न. वि. वि.

आपला जन्म जानेवारी २०११ चा. वानखेडेवर धोनीने तो षटकार मारला तेव्हा आपल्याला बाजारात येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. धोनी आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून २०२० सालीच निवृत्त झाला. आपण मात्र लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत अजूनही ‘गेमिंग पीसी’ म्हणून सलामीला उतरता. संस्थानं खालसा झाली तरी ‘सरकार’ म्हणून मुजरा करणारी माणसं गावात उरतात, तसं आपल्या नावाचं झालंय.

बारावीच्या मुलाला घेऊन दुकानात आलेले वडील आय-थ्रीचं नाव काढताच हात झटकतात. “थ्री-बिरी नको हो. एकदाच काय ते चांगलं बसवा, सेव्हन द्या.” दुकानदार तरी कशाला पिढी सांगत बसतो? “काका, सेव्हन म्हणजे टॉपच,” म्हणतो आणि बिल फाडतो. पोरगं बिचारं पंख्यांचे रंग बघण्यात गुंग.

आता ज्या आय-थ्रीला काकांनी उंबऱ्यावरूनच परत पाठवलं, त्याची कुंडली सांगतो. नाव १२१००एफ, जन्म जानेवारी २०२२. चार कोअर, आठ थ्रेड; म्हणजे अगदी आपल्याइतकेच. टर्बोला आपण ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत जाता, तो ४.३ पर्यंत. कागदावर फरक किरकोळ दिसतो, पण गोम निराळीच आहे: एका ठोक्यात तो आपल्यापेक्षा कितीतरी जास्त काम उरकतो. वर आपल्याला ९५ वॅटचा नैवेद्य लागतो, त्याचं मूळ रेटिंग ५८ वॅट. एव्हीएक्स-२ नावाच्या सूचना इंटेलने २०१३ मध्ये आणल्या, त्यामुळे त्या आपल्या कानावरूनही गेलेल्या नाहीत. काही नवे गेम त्यांच्याशिवाय उघडतच नाहीत. विंडोज ११ आठव्या पिढीच्या खालच्या बहुतेक इंटेलला अधिकृतपणे दारात उभं करत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

आपल्या दरबाऱ्यांबद्दलही दोन शब्द. जीटी ७३०, ‘४ जीबी ग्राफिक कार्ड’ म्हणून मिरवणारं! त्या ४ जीबी डीडीआर-३ जातीच्या असतात आणि मुळात चिपलाच इतक्या मेमरीचा उपयोग करण्याचा दम नसतो, हे पाटीवर कोण लिहिणार? बरं, हुशारी करून मुलाने पुढे आरएक्स ६५०० एक्सटी आणलं, तर आणखी गंमत. ते कार्ड चारच लेनवर चालतं. पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या बोर्डावर त्याला जेवढा रस्ता मिळतो, त्याच्या चौथाईच आपल्या २.० वर. नवं कार्ड, जुनी अडचण, आणि दोष मात्र ‘गेमच हेवी आहे’ म्हणून गेमला.

माझ्यापुरतं विचाराल तर गेमिंगच्या तुटपुंज्या बजेटात आधी ग्राफिक कार्डाचा वाटा बाजूला काढावा, मग प्रोसेसर बघावा. १२१००एफ किंवा सहा कोअरचा रायझन ५ ५६०० आला की पुष्कळ झालं. फक्त नावातला ‘एफ’ विसरू नये. त्यात अंगचे ग्राफिक्स नसतात, कार्डाशिवाय पडदा काळाच. कार्ड पुढच्या वर्षी घेऊ म्हणणाऱ्यांसाठी ५६००जी आहे. त्याची एल-३ कॅशे १६ एमबी, म्हणजे ५६०० च्या निम्मी, पण आजचं काम आज भागतं. मात्र त्याला १६ जीबीची एकच रॅम देणं हा छळ आहे. त्याचे ग्राफिक्स त्याच रॅमवर जगतात, तेव्हा ८-८ च्या दोन बसवाव्यात.

आणि हो, आपल्याला जे कधी जमलं नाही ते एएम४ सॉकेटने करून दाखवलं. २०१७ मध्ये रायझन ५ १६०० घेतलेल्यांच्या बहुतेक बोर्डांवर बायोस अपडेट करून ५६०० बसतो. खिसा जरा बरा असेल तर ९६ एमबी कॅशेचा ५८००एक्स३डीसुद्धा. अपडेट तेवढं जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करायचं. आधी उपटून मग आठवलं, तर दुकानदाराच्या पाया पडावं लागतं. आपल्या बोर्डावर बायोस कितीही नवं करा, पुढचा जिना तिसऱ्या पिढीपाशी संपतो.

आपल्याला भंगारात काढा असं कोण म्हणतंय? लिनक्स टाकलं तर टायपिंग, फॉर्म भरणं, आजोबांची भजनं, सगळं आपण आजही बिनबोभाट कराल. जुनं काउंटर-स्ट्राइकही चालवाल. तक्रार एवढीच की आपल्या सातच्या आकड्यावर नव्याचे भाव लागतात. कपाळावर पिढी लिहून, जुन्याच्या भावात बसा. आम्ही स्वतः गिऱ्हाईक आणून देऊ.

आपला नम्र,
आय-थ्रीचा एक चाहता

ता. क. आपल्या कॅबिनेटच्या तळाशी जो एसएमपीएस आहे, त्याच्या अंगावर ५०० वॅट छापलंय आणि हातात घेतला तर वजनच लागत नाही. लिनक्सवाल्या घरी जाताना त्याला सोबत नेऊ नका.