आधी माप, मग भाव

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी तीन कोटेशनं मागवायची, सर्वांत स्वस्त निवडायचं आणि सभेत ‘एवढे पैसे वाचवले’ म्हणून सांगायचं. सोसायट्यांचा हा रिवाज मोडायला हवा. कारण पहिल्या ठेकेदाराने जुना कोबा फोडून नवा घालण्याचा भाव दिलेला असतो, दुसऱ्याने भेगा भरून लेप मारण्याचा आणि तिसऱ्याने नुसत्या लेपाचा. कामं तीन वेगळी. त्यांतलं स्वस्त कोणतं, हा प्रश्नच चुकीचा आहे.

काय विकत घ्यायचं हे ठेकेदार ठरवतो आणि कमिटी फक्त आकडा बघते, तिथेच गाडी घसरते. आधी सोसायटीने लिहावं: गच्ची किती स्क्वेअर फूट, कोबा फोडायचा की ठेवायचा, मटेरियल कोणतं, कोट किती, राडारोडा कोण उचलणार, पाणी साठवून चाचणी किती तास घ्यायची. तोच कागद सगळ्यांना द्यावा, दराचा रकाना मोकळा ठेवून. हा कागद करायला इंजिनिअर लागतो. त्याची फी मात्र सभेत सर्वांना खुपते. लाखोंच्या कामावर डोळे मिटून सही करणाऱ्यांनी नेमकी इथेच काटकसर करावी, याचा मला मनापासून राग येतो.

नियम नाहीत असंही नाही. आदर्श उपविधींत दुरुस्तीच्या एकावेळच्या खर्चाला मर्यादा आहे: २५ सभासदांपर्यंत २५ हजार, ५० पर्यंत ५० हजार, त्यापुढे एक लाख. त्यावर सर्वसाधारण सभेची आधी मंजुरी हवी. टेंडरशिवाय किती खर्च करता येईल, हेही सभेनेच ठरवायचं. मग एकाच कामाची तीन बिलं होतात आणि प्रत्येक बिल मर्यादेच्या जरासं खाली बसतं. अशी बिलं दिसली की सभासदांनी उभं राहून विचारलंच पाहिजे. सोसायटीच्या कंत्राटात कमिटी सदस्याचा हितसंबंध नसावा, हेही उपविधींत आहे. ‘आपला ओळखीतला माणूस आहे’ या वाक्यावर दिलेल्या प्रत्येक कामात ओळख कोणाची, हे इतिवृत्तात लिहिलं गेलं पाहिजे.

पण गच्चीचं काम काही वर्षांनी एकदा निघतं. टँकर रोज येतो. घोडबंदर रोड असो की वाघोली, उन्हाळ्यात मेंटेनन्सचा मोठा हिस्सा टँकरवाल्याकडे जातो आणि हिशेब असतो वॉचमनच्या वहीत: तारीख, गाडी नंबर, सही. पाणी किती आलं, याची नोंदच नाही. दहा हजार लिटर म्हणायचं आणि पैसे द्यायचे. मोजायला मीटर बसवता येतो. तो नसेल तर जमिनीखालच्या टाकीत उंचीची पट्टी लावा. टाकी आतून पाच मीटर लांब आणि चार मीटर रुंद असेल, तर दहा हजार लिटरने पातळी बरोबर पन्नास सेंटिमीटर चढली पाहिजे. मोजताना टाकीचा पंप बंद ठेवायचा, टँकर रिकामा करण्याआधी आणि नंतर आकडा लिहायचा. चाळीसच चढली, तर गाडीमागे दोन हजार लिटर पाण्याचे पैसे फुकट गेले. ही मोजणी सातवीतल्या मुलालाही जमेल, आणि महिनाभराच्या नोंदी हातात असल्या की दराची बोलणी करायला कमिटीला कोणाची ओळख लागत नाही.

लिफ्टच्या वार्षिक कराराचंही तेच. दर बघतात, रोप, मोटर, कंट्रोलर कार्ड वगळलंय का, हे बघत नाहीत. तो वगळलेल्या भागांचा परिच्छेद सभेत मोठ्याने वाचा.

आणि वेळ. गळतीची आठवण मे महिन्यात होते. ढग दिसू लागल्यावर मागवलेल्या कोटेशनमध्ये सोसायटीची घाई धरूनच भाव लावलेला असतो. पावसाळ्यातच गळती कुठून होते ते बघून कागद तयार झाला, वार्षिक सभेत दर मंजूर झाले, तर दिवाळीनंतर काम सुरू होतं आणि सुक्या हवेत नीट होतं. शेवटचे काही टक्के पैसे पुढचा पाऊस बघूनच द्यायचे, असं करारात घालावं. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी निघते. त्याआधी हा विषय सेक्रेटरींना लेखी द्या, आणि पोच घ्या.