कासारवेलीचा खलाशी

आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या आवारामध्ये कमरेएवढा चिऱ्याचा गडगा आहे. गडगा त्यांचा, त्यावरची जास्वंद आमची आणि फुलं त्यांच्या देवाला, हा वाद जुना आहे. आज तो नको. काकू मॉरिशसहून आल्याला चार दिवस झाले होते. पहिले तीन दिवस त्या परसात फिरकल्याच नाहीत. कारण चौथ्या दिवशी कळलं. नाकाची सालं निघत होती.

"काय गो, झाडांना पाणी घालतेस की बुडवतेस?"

मी नळ बंद केला. गडग्यावरून एक पुडी आली. "घे. वॅनिलाचा चहा."

"चहात वॅनिला?"

"तिकडचा प्रकार. मी पहिल्या दिवशी प्यायले, तर वाटलं आइस्क्रीमचा कप विसळून दिला. तू पी, तुम्हा लोकांना चालतं."

हे 'तुम्हा लोकांना' म्हणजे कोण, ते मी विचारत नाही. पंधरा वर्षं झाली. मी फक्त एवढंच म्हटलं, "बोटीत बसलात म्हणे?"

झालं. काकूंनी पदर खोचला आणि कोपर गडग्यावर टेकवलं. त्या कोपराच्या जागी चिरा थोडा गुळगुळीत झाला आहे.

"अगो, बसलात काय म्हणतेस! सकाळी नऊ ते दुपारी चार, अख्खा दिवस बोटीत. मुलानं आणि सुनेनं परस्पर ठरवलेलं. यांना सांगितलं असतं तर आलेच नसते. १९४७ साली आषाढी अमावास्येला रामदास बोट बुडाली ना रेवसच्या वाटेवर, तेव्हापासून या घरात बोट म्हटलं की हाताचंच. जयगड-तवसाळ फेरीत जीप चढते, तर हे जीपमधून उतरत नाहीत, काचासुद्धा खाली करत नाहीत."

"मग चढले कसे?"

"वेळेच्या घोळात. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. यांनी आपलं घड्याळ फिरवलंच नाही, गोळ्या चुकतात म्हणून. सकाळी नऊला बोट, म्हणजे यांचे साडेदहा. नाश्ता पचून पुन्हा भूक लागलेली. तिथे धक्क्याजवळ एक बाई गाडीवर धोल पुरी विकत होती. ती खाता खाता चढले, लक्षात येईपर्यंत दोर सुटला होता."

"पुरी?"

"नावाला पुरी. आपली पुरणपोळीच, डाळ भरलेली, फक्त गूळ घालायला विसरलेत. वर वालाची उसळ आणि मिरचीचं काहीतरी झणझणीत. दोन-दोन एकमेकींवर ठेवून गुंडाळून देतात. हे म्हणाले, होळीला अशी तिखट करून बघ. होळीला! तिखट!"

बोट सुटली ते गाव होतं त्रू दो दूस. हे नाव काकूंनी तीनदा म्हटलं आणि तिन्ही वेळा वेगळं. अर्थ मात्र त्यांना पक्का ठाऊक होता, गोड्या पाण्याचं भोक. अगदी समुद्राला लागून गोडा झरा. आपल्याकडे किनाऱ्यावरच्या विहिरीला लागतं तसंच असणार, असा त्यांचा निवाडा. जायचं होतं समोरच्या बेटावर. त्याचं नाव लिहिताना भलीमोठी शेपटी, म्हणताना नुसतं 'ईल ओ सेर'. "निम्म्या अक्षरांना कामच नाही. आमच्या पंचायत समितीसारखं."

"सेर म्हणजे?"

"हरणं. हरणांचं बेट. आणि हरीण एक नाही गो! डचांनी म्हणे १६३९ साली जावाहून आणलेली. आता तिथे आहे काय, तर गोल्फचं मैदान. १८ भोकांचं. सूनबाई म्हणाली, आई, भोकं नाही म्हणायचं, होल म्हणायचं."

बोट म्हणजे कॅटामरान. जोड होड्यांवर टाकलेला पाट आणि पुढच्या बाजूला दोन होड्यांच्या मध्ये ताणलेलं जाळं. या शब्दावर काका जागे झाले म्हणे. कॅटामरान हा शब्द तमिळ, कट्टुमरम, बांधलेली लाकडं, असं त्यांनी बोटीवरच्या एका जर्मन जोडप्याला सांगितलं. त्या दोघांना वाटलं काका बोटीचे मालक आहेत, आणि त्यांनी काकांकडे बियर मागितली.

"तुम्ही त्या जाळ्यावर बसलात?" मी विचारलं.

"बसले म्हणजे, बसवलं. खाली पाणी पळतंय, फटीतून फवारा येतोय, आणि मी पंजाबी ड्रेसमध्ये मच्छी वाळत घातल्यासारखी. पण सांगते, पाणी हललं नाही गो. लांब, पार लांब एक पांढरी रेघ होती. लाटा तिथेच फुटत होत्या. प्रवाळाची भिंत आहे म्हणे बेटाभोवती. मोठा समुद्र भिंतीबाहेर, आतला आपला तळ्यासारखा. अव्होमीनची गोळी घेतलेली, ती फुकट गेली. मी दिवसभर नुसती पेंगत होते."

मग धबधबा. तो काकूंनी झटकून टाकला. मोठ्या बोटीतून छोट्या होडीत उतरवतात, आणि उतरताना गुडघ्याचं काय होतं त्याबद्दल कुणी बोलत नाही. नदीच्या मुखातून आत नेतात. मॉरिशसमधली ती सगळ्यात लांब नदी. टोकाला पाणी पडतंय. सगळे उभे राहून फोटो काढतायत. झाडावर माकडं. "सवतसडा पाहिलेल्या माणसाला ते दाखवू नये. मी फोटो काढला, पण माकडाचा."

"पाण्यात उतरलात की नाही?"

"उतरले! तोंडावर काच, तोंडात नळी, अंगात ते केशरी जाकीट. जाकीट घातल्यावर माणूस बुडत नाही आणि उलटाही होत नाही, नुसता तरंगतो. हौदात टाकलेल्या रिकाम्या तांब्यासारखी डुलत होते मी. खाली मासे. पिवळे, काळे पट्टेवाले. एक निळा असा की शालूला तो रंग मिळाला तर सांग. खालच्या प्रवाळाला हात लावायचा नाही, उचलायचं तर नाहीच, हे आधी सांगितलेलं. आणि पायात रबरी बूट घालायचे. काळ्या काट्यांचा एक गोळा असतो तळाला, पाय पडला तर आठवडा गेला. जर्मनाचा गेला."

यानंतर बेट आलं, आणि इथे काकू थांबल्या. आवंढा गिळून म्हणाल्या, "तुला खरं सांगू? साडेसहा तास विमान, वर बोट, आणि काय दिसलं? सुरू!"

"सुरू?"

"सुरूची झाडं. रांगच्या रांग. वाऱ्यावर तोच आवाज. मी यांना म्हटलं, आपण भाट्याला आलोय. भाट्याचं सुरूबन आणि हे, काय फरक? हे म्हणाले, वाळू बघ."

वाळूचं मात्र मान्य आहे. पांढरी, भिजलेल्या मैद्यासारखी मऊ. काकांनी त्यावर तिथल्या तिथे व्याख्यान दिलं. आपल्या किनाऱ्याला नद्या उतरतात, काजळी नदी भाट्याला सगळा गाळ घेऊन येते, म्हणून पाणी गढूळ आणि वाळू काळपट. तिथे वाळू म्हणजे शंखशिंपल्यांचा आणि प्रवाळाचा चुरा. गाळ नाही म्हणून पाणी नितळ. "एवढं पाणी स्वच्छ, की पाय दिसतात. माझ्या टाचा मला बारा वर्षांनी दिसल्या." पाण्यातून चालत बेटाच्या कडेनं दूरपर्यंत जाता येतं, गुडघाभरच पाणी. किनाऱ्यावर मात्र दर दहा पावलांवर एक माणूस, छत्रीला बांधून आकाशात उडवू का म्हणून विचारतो. काका प्रत्येकाला भाव विचारून आले. त्यांचा रुपया म्हणजे आपले दोनाला जरा कमी, असा हिशेब करत. उडाले नाहीत. नोटेवर देवनागरी अक्षरं आहेत याचंच त्यांना इतकं कौतुक, की खर्च करवेना.

"जेवण?"

"गुरुवार!"

काकांचा गुरुवार. बोटीवर निखाऱ्यावर मासा, कोंबडी, पाव, कोशिंबीर, रम. काकांनी पाव आणि कोशिंबीर खाल्ली, आणि मीठ-मिरची लावलेलं अननस. काकूंनी मासा खाल्ला. "मासा ताजा, त्याला दोष नाही. पण ना कोकम, ना तिरफळ, नुसतं लिंबू पिळलेलं. माशाला अंघोळ घातली, कपडे घालायचे राहिले."

इथपर्यंत सगळं मला अपेक्षित होतं. काकूंची कुठलीही सहल, अगदी पन्हाळासुद्धा, अशीच होते. पुढचं नव्हतं.

परतीच्या वाटेवर खलाशांनी गाणं सुरू केलं. सेगा म्हणतात. एकाकडे रावान नावाचा मोठा डफ, बकऱ्याच्या कातड्याचा. तो वाजवण्याआधी त्यानं माशाच्या उरलेल्या निखाऱ्यावर शेकला. डफ शेकताना बघून काकू जाळ्यावरून उठल्या. नाचताना पाय उचलायचे नाहीत, घसटत न्यायचे. त्यातला एक पोरगा मात्र मध्येच पाय उचलायला लागला. गोल फिरून, वाकून, एका पायावर ताल देत.

"मी म्हटलं, ही जाखडी! आमच्या बाल्या नाचाची जाखडी! पोरगा थांबला. म्हणाला, 'झाखरी, झाखरी! आजी!' म्हणजे त्याची आजी म्हणते तसं. पोरगा बोटीवरचा, पण पाय शेवटी चाळाचाच, गो."

"मराठी येतं त्याला?"

"शाळेत शिकला चार वर्षं, तिकडे शाळेत असतं. पण बोलायचं म्हणशील तर क्रिओल. थोडं हिंदी, सिनेमाचं. गणपतीची आरती मात्र पूर्ण, न अडखळता. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते त्यांना. मी अर्थ विचारला तर हसला. मी म्हटलं, राहू दे, आमच्याकडेही तसंच आहे."

मुलानं दुभाषेपण केलं. पोराचा खापरपणजा की त्याच्याही आधीचा कोणी बोटीनं गेलेला, उसाच्या मळ्यात. १८३४ नंतर साडेचार लाखांच्या आसपास माणसं नेली, त्यातली बहुतेक कलकत्त्याहून, पण मुंबईच्या बंदरातूनही बरीच. आदल्याच दिवशी काकूंना पोर्ट लुईला आप्रवासी घाट दाखवलेला, त्या सोळा पायऱ्या जिथून माणसं वर चढली. काकूंनी त्या मोजल्या होत्या. गुडघ्यानं मोजल्या, असं त्या म्हणाल्या. पोरगा स्वतः पाण्यावरच वाढलेला. २०२० साली एक मोठं जपानी जहाज प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टात तेल गळायला लागलं, तेव्हा गावोगावची माणसं उसाची चिपाडं आणि पाचट जाळ्यांत भरून तेल अडवत होती, त्यात हाही होता. तीन दिवस हातांचा काळा रंग जाईना, म्हणाला. काकूंना ते पटकन कळलं. आपणही बांध फुटला की पेंढ्याच टाकतो.

"मग मी विचारलं, बाळा, गाव कुठलं? आणि तो म्हणाला," इथे काकूंनी माझ्याकडे बोट दाखवलं, "कासारवेली!"

माझं माहेर कासारवेली. रत्नागिरीपासून हाकेच्या अंतरावर.

"कासारवेली? मॉरिशसच्या बोटीवर?"

"मी तेच म्हटलं! त्याला सांगितलं, आमच्या शेजारणीचं माहेर आहे रे तुझ्या गावात. तो खूश. मी विचारलं, कुठली वाडी, देवळाजवळ का? हो म्हणाला. त्यानं मोबाइलवर घर दाखवलं. पिवळ्या भिंती, मागे डोंगर, सगळीकडे ऊस."

"काकू, कासारवेलीला ऊस?"

"मीही म्हटलं, कासारवेलीला ऊस कधी लावला? हे म्हणाले, पाटबंधारेवाल्यांनी काहीतरी केलं असेल. धक्क्यावर उतरलो तेव्हा मुलानं नकाशा दाखवला. कास्कावेल. मॉरिशसमध्येच आहे. मराठी लोकांचं गाव."

मी हसले. काकू नाही हसल्या.

"हसू नको. त्यानं खापरपणजोबाच्या कागदाचं पण सांगितलं. तिकडच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जुन्या नोंदी ठेवल्यात, नाव, वय, गाव, काहींचे फोटोसुद्धा. त्यात याच्या माणसाचा जिल्हा रत्नागिरी लिहिलाय. गाव साहेबानं ऐकलं तसं लिहिलं, ते कोणाला वाचता येत नाही."

"तेव्हाचा रत्नागिरी म्हणजे बाणकोटापासून पार वेंगुर्ल्यापर्यंत, काकू. सिंधुदुर्ग १९८१ साली वेगळा झाला."

"ठाऊक आहे. पण वाचता न येणारं गाव कासारवेली नसेलच असं कुठे आहे? तुझ्या कासारवेलीच्या मामीला विचार. गावातल्या कुठल्या घराण्यात कोणी बोटीनं जाऊन परत न आलेलं आठवतंय का. अशी गोष्ट घरात राहते, कोणी ना कोणी पिढ्यान्‌पिढ्या सांगतं."

यात तथ्य होतं. मी तिथेच मोबाइल काढला, मामीला लावला, स्पीकरवर टाकून गडग्यावर ठेवला. मामी ९१ वर्षांची आहे, पण गावातलं कुणाचं काय ते तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही. सगळं सांगितलं. जाखडी, ऊस, बोट, कागद. पलीकडे बराच वेळ शांतता. मग मामी म्हणाली,

"पोराचं आडनाव काय?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी काकूंकडे.

"ते विचारायचं राहिलंच गो," काकू म्हणाल्या, आणि जास्वंदीचं एक फूल तोडून आत गेल्या.