मोसंबीचं कव्हर

जालन्यात सळई आणि बियाण्यांचा धंदा उघड चालतो. दोन पुरुषांच्या झणझणीत प्रेमकादंबऱ्या मात्र मोबाईलवर वाचायच्या, आणि कुणी डोकावलं की मोंढ्यातले सोयाबीनचे भाव उघडायचे. ही खबरदारी स्तुत्यच. र. धों. कर्व्यांनी आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात समलिंगी संबंधांवरच्या वाचकांच्या शंकांना छापील उत्तरं दिली, 1934 साली खटला झाला, खुद्द डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी दंड झालाच. 2018मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे संबंध गुन्ह्यातून वगळले खरे, पण न्यायालयाला शेजारीण नसते. तेव्हा ग्रंथालयांनी अशा पुस्तकांना ‘मोसंबी लागवड’ अशी सरसकट कव्हरं घालावीत. धोका एवढाच, की भोकरदनकडचे एखादे बागायतदार काका चुकून एक प्रत नेतील आणि आठवड्याच्या आत परत येऊन, ‘घरच्यांना हवाय’ म्हणत, दुसरा भाग मागतील.