हँडलराव

ज्याची ऐपत असते तो परतुरात नवी गाडी घेतो. ज्याची नसते तो जुन्या गाडीचं हँडल बदलतो. या दुसऱ्या प्रकारच्या माणसाला आपण हँडलराव म्हणू. त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर आहे आणि ते तिथंच बरं आहे.

गाडी एमएच २१ पासिंगची स्प्लेंडर, अर्थात वडिलांच्या नावावर. १९९४ साली बाजारात आल्यापासून या गाडीनं स्वतःला बदलण्याची फारशी घाई केलेली नाही. युरियाची गोणी, दुधाच्या कॅन, बाळंतपणाला माहेरी आलेली बहीण, सगळं तिनं निमूट वाहिलं. हँडलरावांना नेमकं हेच खुपतं. "गाडी लई म्हातारी दिसायलीय," ते म्हणतात आणि मोंढ्याकडची वाट धरतात.

स्पेअर पार्टच्या दुकानात त्यांना बघण्यासारखं असतं. भिंतीला टांगलेलं हँडल ते उतरवून घेतात, दोन्ही हातांत धरतात, गुडघे किंचित वाकवतात, डोळे बारीक करतात आणि गाडी नसतानाच एक वळण घेतात. शेजारी हेडलाइटचा बल्ब मागणारं गिऱ्हाईक दोन पावलं सरकून त्यांना साइड देतं. मग पन्नास रुपयांवरून अर्धा तास घासाघीस.

आता बहुतेक साध्या गाड्यांच्या हँडलची नळी २२ मिलिमीटर जाडीची. त्यामुळं एका गाडीचं हँडल दुसरीला बसतं, आणि सगळा घात इथंच झालेला आहे. बाराचा पाना लावून वरचे चार बोल्ट काढले की जुनं हँडल मोकळं. पण क्लच, ब्रेक, एक्सलेटर आणि स्विच, सगळ्यांच्या वायरी याच नळीशी येऊन मिळतात, आणि कंपनीनं त्या जुन्या हँडलच्या उंचीला मापून कापलेल्या असतात. गॅरेजवाले उस्ताद हे दर वेळी सांगतात. हँडलराव दर वेळी म्हणतात, "तुमी बसवा तर आधी."

पहिल्यांदा बसलं ते बुटकं, सरळ हँडल. आरसे त्याच दिवशी निघाले, कारण आरशानं 'लूक' जातो. मागून येणारा ट्रक दिसत नाही तो नाहीच. गाडीवर हँडलराव असे ओणवे बसू लागले की काही तरी पडलंय आणि ते शोधतायत असं वाटावं. त्यात हँडल पूर्ण फिरवलं की अंगठा टाकी आणि मुठीच्या मध्ये सापडे. गल्लीत गाडी वळवायची म्हणजे खाली उतरून मागचं चाक उचलायचं.

पुढं मोबाइलवर लडाखचे व्हिडिओ पाहिले आणि उंच, रुंद हँडल आलं. हातांची उंची साधारण शरण आलेल्या माणसाची. वायरी आता ताणल्या गेल्या. डावीकडं वळलं की एक्सलेटरची वायर आपोआप ओढली जाई आणि गाडी किंचाळे. एका मयतीच्या मागं हँडलराव अतिशय गंभीर चेहऱ्यानं, पहिल्या गियरवर चालले होते. मयत डावीकडं वळली. खांदेकऱ्यांसकट सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. "वायर कमी पडायली," उस्तादांनी निदान केलं. हँडलराव म्हणाले, "मग म्या डावीकडं जातच न्हाई."

कायद्याची भीती घालून उपयोग नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनं बेकायदा बदलामागं ५००० रुपये दंडाची सोय केली आहे. हँडलरावांचं म्हणणं, "ह्यो बदल न्हाई, सुधारणा हाय." वडिलांनी मात्र एका वाक्यात निकाल दिला: "येसण बदलून बैल पळत नसतो."

जुनी हँडलं जातात कुठं? अर्ध्या किमतीत दुसऱ्या हँडलरावाकडं. माझा तर अंदाज आहे की तालुक्यात हँडलं मोजकीच आहेत, गाड्याच त्यांच्याखालून बदलत असतात. एकदा सातोन्याच्या एका प्लॅटिनावर आमच्या हँडलरावांना स्वतःचं बुटकं हँडल भेटलं. थांबून त्यांनी त्याचीच खुशाली विचारली. मालकाकडं पाहिलंही नाही.

लग्न झालं, मागं बायको बसू लागली, आणि महिन्याभरात मान व खांदे बोलू लागले. मग कंपनीच्या मूळ हँडलची आठवण झाली. ते वडिलांनी गोठ्यात भिंतीला ठोकून टाकलेलं. त्यावर म्हशीची दावी लटकतात. वडील म्हणाले, "ते आता गोठ्याचं हाय." शेवटी हँडलरावांनी मोंढ्यातून तसंच नवं विकत घेतलं. उस्तादांनी बसवलं. मजुरी घेताना ते हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

परतूरकडं जुनी स्प्लेंडर घ्यायला कधी आलात, तर मीटरवर विसंबू नका आणि रंगाला भुलू नका. गाडी न्यूट्रलवर चालू ठेवा, हँडल डावीकडून उजवीकडं पूर्ण फिरवा आणि कान द्या. इंजिनाचा आवाज चढला तर मालक हँडलराव आहेत असं समजा, आणि सांगतील त्या किमतीतून वायरींचे पैसे आधी वजा करा.