मी येतो न घ्यायला!

नंदनवनात केडीके कॉलेजच्या मागच्या-पुढच्या गल्ल्यांत हिंडलात, तर जवळपास प्रत्येक लेआउटमध्ये असे एक काकाजी निघतात. वय साठीच्या पुढे. नोकरी वीज मंडळात, वेकोलित, नाही तर बँकेत झालेली. फाटकाच्या आत कव्हर घातलेली पांढरी गाडी. ही गाडी भाजीला जात नाही, डॉक्टरकडेही क्वचितच जाते. त्यामुळे तिचं कव्हर निघालेलं दिसलं की शेजारचा माणूस कुंपणावरून विचारतो, "कोण येऊन राहिलं जी?"

कुणीही येत असतं. बंगळुरूचा मुलगा, हैदराबादची पुतणी, साडूच्या मुलाचा मित्र. नातं किती जवळचं, हे काकाजी पाहत नाहीत, विमान किती वाजताचं एवढंच विचारतात. पाहुणा संकोचून म्हणतो, "काकाजी, कॅब करून येतो." पलीकडे दोन सेकंद शांतता, आणि मग दुखावलेला आवाज: "काहून? आम्ही मेलो का? मी येतो न घ्यायला!" इथे वाटाघाटी संपतात.

अपरात्री विमानतळ गाठण्याची नागपूरची परंपरा काकाजींपेक्षा जुनी आहे. 1949 साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार शहरांची विमानं मध्यरात्री सोनेगावला उतरत, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल करत आणि परत फिरत. नागपूर देशाच्या मधोमध, म्हणून हा मान. काकाजी तेव्हा जन्मलेही नव्हते, पण हा किस्सा ते अशा थाटात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, निम्म्या थैल्या यांनीच उतरवल्या.

विमान पहाटेचं असेल तर तयारी आदल्या संध्याकाळी सुरू होते. टायरची हवा, काच पुसायचं फडकं, काकूंनी भरून दिलेला चहाचा थर्मास. मग रस्त्याचा वाद. नंदनवनातून विमानतळाला जायचे दोन पंथ आहेत. एक मेडिकल चौक, अजनी करत वर्धा रोडला लागणाऱ्यांचा, दुसरा रिंगरोडने मानेवाडा, ओंकारनगर, नरेंद्रनगर करत छत्रपती चौकात निघणाऱ्यांचा. काकाजी दुसऱ्या पंथाचे. पावसाळ्यात नरेंद्रनगरच्या रेल्वेपुलाखाली पाणी साचलं की ते तेवढ्यापुरतं धर्मांतर करतात, पण हे समोरच्या काकाजींना कळू देत नाहीत. छत्रपती चौकातला जुना उड्डाणपूल मेट्रोसाठी 2016 मध्ये पाडला. काकाजी अजून "पुलाच्या इकडून वळायचं" असंच सांगतात, आणि नवा ड्रायव्हर तो पूल शोधत राहतो.

मेट्रोचा विषय घरातली नातवंडं काढतात. डिसेंबर 2022 मध्ये प्रजापतीनगरकडची ॲक्वा मार्गिका सुरू झाली. त्यामुळे पूर्व नागपुरातून सीताबर्डीला जायचं, तिथे ऑरेंज मार्गिकेची गाडी पकडायची आणि 'एअरपोर्ट' नावाच्याच स्टेशनवर उतरायचं, एवढं सोपं झालं आहे. काकाजी सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, "अन् बॅगा?" त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. स्टेशन वर्धा रोडवर आणि टर्मिनल चांगलंच आत, शिवाय पहाटेच्या विमानाच्या वेळी मेट्रो झोपलेली असते. पण खरी अडचण वेगळी आहे. मेट्रोने पाहुणा आला तर काकाजींनी करायचं काय?

पुतण्याने त्यांच्या मोबाइलवर फ्लाइटरडार24 टाकून दिलं, तेव्हापासून या कामाला शास्त्रीय बैठक आली. 2006 साली स्वीडनमधल्या दोन विमानवेड्यांनी हौसेखातर सुरू केलेला हा उद्योग. विमान आपलं ठिकाण, उंची आणि वेग स्वतःच प्रक्षेपित करत असतं. जगभरच्या हौशी लोकांनी छपरांवर बसवलेले रिसीव्हर ते पकडतात, आणि नंदनवनातल्या पलंगावर काकाजींना पिवळं विमान सरकताना दिसतं. "अमरावती गेली," ते काकूंना उठवून सांगतात. काकू कूस बदलतात. विमान घिरट्या घालू लागलं की काकाजी पायलटवर चिडतात. 3,200 मीटरची धावपट्टी समोर असताना याला उतरायला काय होतं, हा त्यांचा प्रश्न.

त्यांचं शास्त्र एका जागी मात्र कच्चं आहे. चाकं जमिनीला लागली म्हणजे माणूस दाराशी आला, असं ते धरून चालतात. विमान अजून रांगत असतं, तोच पहिला फोन.

"कुठं पोचला?"

"विमानातच आहे काकाजी. दार उघडलं नाही अजून."

"मग उघडाले सांग न त्याईले!"

त्यात दोह्याहून येणारं विमान असलं तर बघायलाच नको. ते अपरात्री उतरतं, पुढे इमिग्रेशन, मग बॅगांचा पट्टा, मग कस्टम्स. तोवर काकाजींचे फोन मोजणं पाहुण्याने सोडलेलं असतं.

पार्किंगला पैसे पडतात म्हणून काकाजी तिथे गाडी लावत नाहीत. परवडत नाही असं नाही, पटत नाही. ते टर्मिनलसमोरच्या रांगेत उभे राहतात. सुरक्षारक्षकाने शिट्टी वाजवली की गाडी दहा फूट पुढे, पुन्हा शिट्टी, पुन्हा दहा फूट, "आलाच भाऊ, हा काय दिसून राहिला." दिसत कुणीच नसतं. रांगेचं टोक आलं की विमानतळाला एक पूर्ण प्रदक्षिणा आणि पुन्हा पहिल्या शिट्टीपासून सुरुवात. दरम्यान पाहुणा बाहेर येतो.

"काकाजी, कुठे आहात?"

"खांबाजवळ."

"कुठल्या खांबाजवळ?"

"अरे, पांढरी गाडी आहे न!"

समोर ओळीने खांब आणि ओळीने पांढऱ्या गाड्या. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात असलं की या पांढऱ्या गाड्यांत मंत्र्यांचे ताफेही मिसळतात आणि हार घेतलेले कार्यकर्ते काकाजींच्या पाहुण्याकडे आशेने पाहू लागतात.

भेट झाली की बॅग काकाजीच उचलतात, कमरेचं दुखणं असलं तरी. मग वर्धा रोडवर 3.14 किलोमीटरच्या त्या दुमजली पुलाची महती: खाली रस्ता, मध्ये पूल, सगळ्यात वर मेट्रो. पाहुण्याने ती मागच्या खेपेलाही ऐकलेली असते. डोळे मिटलेले दिसले की काकाजी आवाज वाढवतात. उजाडलं असेल तर गाडी तर्री-पोह्यांच्या ठेल्याशी थांबते. रात्रभर न झोपलेल्या माणसाच्या पोटात ती लालभडक तर्री जाते आणि पुढचे दोन तास झोपेचा प्रश्न उरत नाही.

या काकाजींवर प्रवासी व्हायची वेळ येते ती पुण्यात. मुलगी लोहगावला येत नाही, संदेश येतो: 'बाबा, एरोमॉलमध्ये जा, गाडी बुक केली आहे, चार आकडे सांगा आणि बसा.' काकाजी पादचारी पुलावरून एरोमॉल गाठतात, चार आकडे सांगतात आणि फुगून मागच्या सीटवर बसतात. येरवडा ओलांडेपर्यंत अबोला. मग राहवत नाही. "गाव कोणतं भाऊ तुमचं?" ड्रायव्हर उमरेडचा निघतो. संगम पुलापर्यंत त्याची मावशी सक्करदऱ्याला राहते हे कळतं, आणि डेक्कनला पोचेस्तोवर मावसभाऊ येत्या रविवारी रात्री दिल्लीहून नागपूरला उतरतोय हेही.

"त्याले म्हणा, ऑटो नको करू," काकाजी बोर्डिंग पास उलटा करून खिशातलं पेन काढतात. "फ्लाइट नंबर सांगा."